जाणारा एक, पोचवणारे चौदा

“सर, ट्रान्सफर हवी का?” काउंटरपलीकडच्या मेघनाने विचारलं.

जयवंतराव धुरी दचकले. टेलिफोन खात्यात उभी हयात गेलेल्या माणसाला हा शब्द ऐकवताना जरा विचार करावा. खात्यात ट्रान्सफर हवी का असं कधी कोणी विचारलं नव्हतं. ती होत असे, आणि मग माणूस हापूसची पेटी घेऊन साहेबांच्या घरी जात असे.

“कुठे?” त्यांनी सावधपणे विचारलं.

“म्हणजे गाडी, सर. इथे घर ते एअरपोर्ट. सिंगापूरला एअरपोर्ट ते क्रूझचा धक्का. सगळं प्रायव्हेट. तिकडे तर ड्रायव्हर तुमच्या नावाची पाटी धरून उभा असतो.”

“तिकडचं तिकडे. इथलं बोला.”

“इथलं सोप्पंय. पॅक्स किती?”

“काय किती?”

“माणसं, सर. गाडीत माणसं किती?”

“जाणारा एक,” जयवंतराव म्हणाले. मेघनाने छोटी गाडी निवडायला बोट पुढे केलं, तेवढ्यात ते म्हणाले, “आणि पोचवणारे चौदा.”

मेघनाचं बोट हवेत राहिलं. “चौदा जण क्रूझला येणारेत?”

“छे हो. पोचवायला येणार. दारापर्यंत.”

“आणि मग?”

“मग परत जाणार.”

“मग येणार कशाला?”

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. मेघनाने स्क्रीनवर वरखाली शोधलं. “सर, पोचवणारे सिस्टीममध्ये नाहीयेत.”

“पूर्वी असायचे,” जयवंतराव म्हणाले. “तुम्ही मोठी गाडी टाका.”

मेघनाने टेम्पो ट्रॅव्हलर टाकली आणि शेऱ्याच्या जागी ‘फॅमिली फंक्शन’ असं लिहिलं.

जयवंतरावांना फॅमिली अशी नव्हती. लग्न राहून गेलं होतं. कोणी नकार दिला, कोणी दगा दिला, असलं काही झालं नव्हतं. आधी बहिणींची लग्नं, मग आईचं आजारपण, मग सवय. पण लालबागच्या त्यांच्या चाळीत फॅमिलीवाचून कोणाचं अडत नसे. तिथे प्रत्येक गोष्टीला एक माणूस नेमलेला असे. गणपतीची वर्गणी शामरावांकडे, नळाची भांडणं सीताराम परबांकडे, आणि पोचवणं जयवंतरावांकडे.

चाळीतलं कोणी मस्कतला, बहारीनला, दुबईला निघालं की मॅटाडोर जयवंतराव ठरवायचे. चाकाखाली लिंबू, जाणाऱ्याच्या हातावर दही, गळ्यात हार. जाणारा एक आणि रडणारे पंधरा अशी गाडी सहारच्या विमानतळाकडे निघायची. कुठल्या खांबापाशी उभं राहिलं की जाणारा शेवटपर्यंत दिसतो, हे मुंबईत फक्त त्यांना ठाऊक होतं. काचेच्या दारापलीकडे मात्र ते कधी गेले नव्हते. पलीकडे काय असतं ते जाणाऱ्याने परत आल्यावर सांगावं अशी अपेक्षा असे, पण परत आलेल्या माणसाला फक्त टेपरेकॉर्डरबद्दल बोलायचं असे.

पोचवण्याचं दुसरं खातंही ओघाने त्यांच्याकडेच आलं होतं. त्यात रडणारे तेवढेच, पण गाडी सहारऐवजी भोईवाड्याच्या स्मशानात जायची. दोन्ही वेळा जिन्याखालच्या फळ्यावर जयवंतराव एकच वाक्य लिहीत: ‘उद्या सकाळी आठ वाजता अमुक यांना पोचवायला जायचे आहे. कोण कोण येणार ते कळवावे.’ घोटाळा कधी झाला नाही. पॅसेजमध्ये बॅगा दिसल्या तर सहार, बांबू दिसले तर भोईवाडा.

आता चाळीच्या जागी टॉवर होता. फळा नव्हता, जिन्याखाली जनरेटर होता. निम्मी बिऱ्हाडं खोल्या विकून डोंबिवली-विरारला गेली होती; उरलेली इतक्या मजल्यांवर पसरली होती की एकमेकांना फक्त लिफ्टमध्ये, तेही पाठमोरी दिसत. आता कोणी परदेशी गेलं की जयवंतरावांना ते फोटोतून कळे.

क्रूझचं म्हणाल तर समुद्राचं त्यांना काही नव्हतं. समुद्र गिरगावात फुकट होता. पण अडुसष्टाव्या वर्षी दुबईत नोकरी कोणी देत नाही, आणि जयवंतरावांना एकदा, एकदाच, जाणारा व्हायचं होतं. काचेच्या आत जाऊन मागे वळावं आणि पलीकडे आपली माणसं दिसावीत, इतकंच. त्यासाठी काहीतरी निमित्त लागतं. सिंगापूरची चार रात्रींची क्रूझ त्यातल्या त्यात सोयीची होती.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी बॅग दाराशी ठेवली आणि चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सवयीने लिहिलं: ‘उद्या सकाळी आठ वाजता जयवंत धुरी यांना पोचवायला जायचे आहे. गाडी खाली उभी असेल. कोण कोण येणार ते कळवावे.’

स्वतःबद्दल ‘मला पोचवायला या’ असं लिहिणं त्यांना बरं वाटेना. फळ्यावर असं कोणी लिहीत नसे.

उत्तरं लगेच यायला लागली. ‘मी येतो,’ राजेशने लिहिलं. राजेश एरवी गणपतीलाही येत नसे. ‘मी आणि मिसेस.’ ‘डोंबिवलीहून निघतो, थोडं थांबा.’ ‘मंडळी, वेळेवर या.’ जयवंतराव बोटांवर मोजत होते. अर्ध्या तासात गाडी भरली. चौदाच्या वर नावं गेली तेव्हा त्यांना मेघनाला फोन करून आणखी मोठी गाडी मिळेल का विचारावंसं वाटलं. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या म्हणून चष्मा पुसायला काढला. तो पुसून पुन्हा लावला तर समोर शामरावांचा मेसेज होता.

‘फार भला माणूस. अख्ख्या चाळीला पोचवलं, आता स्वतःच निघाला. भावपूर्ण श्रद्धांजली.’

शेजारी फुलं होती, आणि खाली राजेशने हात जोडले होते. मिसेसने वेगळे जोडले होते.

जयवंतरावांनी वर जाऊन आपलीच ओळ पुन्हा वाचली. मग घोटाळा कळला. व्हॉट्सॲपवर बॅगाही दिसत नाहीत आणि बांबूही.

दुरुस्ती लगेच करायला हवी होती. त्यांनी ‘गैरसमज’ एवढा शब्द टाइप केलासुद्धा. पण तेवढ्यात आणखी एक मेसेज आला: ‘माझ्या बाबांना मस्कतला जाताना धुरीकाकांनी स्वतःचा मफलर दिला होता.’ मग दुसरा: ‘आमच्याकडे फोन त्यांनीच, नंबर लागायच्या वर्षभर आधी बसवून दिला.’ त्यांनी ‘गैरसमज’ तसाच ठेवला आणि चहा टाकला. चहा पिऊन होईपर्यंत मेलेलं राहायला हरकत नाही, असा त्यांनी विचार केला. त्या दिवशी त्यांनी चहा फार सावकाश प्यायला.

दुसरा कप ओतणार तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून धनेश. धनेशला दुबईला पहिल्यांदा जाताना जयवंतरावांनीच पोचवलं होतं; तेव्हा त्याला मिशाही नीट फुटल्या नव्हत्या. आता तो कुठल्याशा कंपनीत मोठा झाला होता.

“हॅलो,” धनेश म्हणाला. “काकांचा फोन कोणाकडे आहे?”

“काकांकडे.”

“हो, पण आत्ता कोणाकडे आहे?”

“आत्तासुद्धा काकांकडेच. मी बोलतोय रे, जयवंत.”



“काका? अहो, ग्रुपवर…”

“एअरपोर्टला पोचवायचंय. क्रूझला चाललोय.”

“अरे देवा!” धनेश हसत सुटला. “काका, तुम्ही पण ना! अहो, मी ड्रायव्हरला उठवून बसवलाय. गाडी खाली उभी आहे. निघतच होतो.”

“मग निघ ना.”

“आता कशाला?”

धनेश हे अगदी सहज म्हणाला. त्याच्या आवाजात खरा आनंद होता, आणि जयवंतरावांना राग आणायला काही कारण सापडेना.

“बरोबर,” ते म्हणाले. “आता कशाला.”

“एन्जॉय करा काका! फोटो टाका!”

मग त्यांनी दुरुस्ती लिहिली. ‘गैरसमज नसावा. जयवंत धुरी हयात आहेत. उद्या विमानतळावर जायचे आहे. गाडी तीच, वेळ तीच.’

ग्रुपवर आनंदाचा पूर आला. हसून लोळणारी पिवळी तोंडं, फुगे, एक नाचणारी बाई. ‘शंभर वर्षं आयुष्य!’ ‘काका रॉक्स!’ आणि मग हळूहळू एकेक जण उतरायला लागला. राजेशच्या मिसेसना रविवारी क्लास होता. डोंबिवलीकर म्हणाले की जीव भांड्यात पडला, आता घरीच थांबतो. ‘आमच्या सगळ्यांकडून हॅपी जर्नी!’ असं शामरावांनी लिहिलं आणि खाली मघाचीच फुलं टाकली. हसणं, आशीर्वाद सगळं होतं, फक्त येणारं कोणी नव्हतं.

मोठी गाडी रद्द करता आली असती. जयवंतरावांनी मेघनाला फोन लावलाही. पण तिने गोड आवाजात “बोला सर, फॅमिली रेडी?” विचारलं तेव्हा ते म्हणाले, “सगळं ठीक आहे, सहज केला होता.”

रविवारी जयवंतराव विमानात गार असतं म्हणून करडा स्वेटर घालून खाली उतरले, आणि गाडी वेळेवर आली. पांढरीशुभ्र, लांबलचक, आत थंडगार. ड्रायव्हरने बॅग मागे टाकली, दार उघडून धरलं आणि गेटकडे पाहत राहिला.

“बाकीचे, साहेब?”

“पुढे गेलेत.”

ते चढणार तेवढ्यात गेटवरच्या वॉचमनशी कोणीतरी हुज्जत घालताना ऐकू आलं. “अरे, माका काय विचारतंस? गाडी खंय उभी आसा ता सांग!”

फिकट लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी, पायात स्लीपर. सीताराम परबांच्या पत्नी, शेवंतीवहिनी. सीतारामदादा गेल्यापासून त्या शीव कोळीवाड्याला लेकीकडे राहायच्या. त्यांच्याकडे व्हॉट्सॲप नव्हतं. शामरावांनी काल त्यांना फोन करून बातमी दिली होती. माणूस गेल्याची बातमी कळवायची पद्धत आहे. तो आहे, हे कळवायचं कोणाला सुचत नाही.

वहिनी गाडीजवळ आल्या, डोळे बारीक करून त्यांनी जयवंतरावांकडे पाहिलं आणि जागच्या जागी थिजल्या.

“भावजी? तुमी जिते आसात?”

“आहे, वहिनी. चूक झाली.”

“चूक?” वहिनींनी पिशवी छातीशी धरली. “मेल्या शामरावान माका रडवल्यान रात्रभर! लेक म्हणता जाव नको, पाय सुजलेत. मी म्हटलंय, जातलंय!” मग त्यांनी पिशवीत पाहिलं. “हार आणलंय. तुळशीचो. आता ह्याचा काय करू?”

जयवंतरावांनी मान पुढे केली.

“शी! खुळे झालात?” वहिनींनी हार ड्रायव्हरच्या हातात दिला. “गाडयेक घाल रे.”

हार घातलेल्या गाडीत ते दोघं बसले. आजूबाजूला बाकीच्या सीट्स रिकाम्या होत्या. वहिनींना थंडी वाजत होती, पण एसी बंद करा म्हणायला त्यांना संकोच वाटत होता. जयवंतरावांनी ते ओळखून खिडकीकडचा झोत वळवला. परळचा पूल मागे पडला, दादर मागे पडलं.

“कोणी नाय इला?” वहिनींनी विचारलं.

“सगळे येणार होते. मग मी जिवंत निघालो.”

वहिनींना हसू आलं, मग नाही आलं. “तुमी बोलवलात नाय नीट. तोंडान सांगाक व्हया होता.”

“खरंय.”

“आमच्या ह्यांका तुमी दोनदा पोचवलात,” त्या थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “येकदा बहारिनाक, येकदा भोईवाड्याक. म्हणान इलंय. नायतर ह्या पायांनी खंय येतंय मी?”

खरं म्हणजे वहिनी आल्या होत्या त्या भोईवाड्यासाठी. सहारला त्या आल्या असत्या की नाही, हे विचारण्यात अर्थ नव्हता, आणि ते त्यांनी विचारलंही नाही.

एअरपोर्टवर गाडीला थांबू देत नाहीत. ड्रायव्हर म्हणाला, एक चक्कर मारून येतो आणि आजींना शीवला सोडतो. जयवंतरावांनी वहिनींना खांब दाखवला. नव्या इमारतीतले खांब वेगळे होते, पण त्यांनी अंदाजाने एक निवडला.

“इथे उभ्या राहा. इथून दिसतं.”

“दिसता माका,” वहिनी म्हणाल्या. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा राहिला होता, पण तो विषय त्यांना आवडत नसे. “जावा आता. पोचलात काय फोन करा.”

दारावरच्या जवानाने पासपोर्ट पाहिला, माणूस पाहिला आणि आत सोडलं. काचेपलीकडे मोठं, चकचकीत, गार सभागृह होतं आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. जयवंतराव थोडे आत गेले. मग, जाणाऱ्याने करायचं असतं तसं, ते मागे वळले.

वहिनी खांबापाशीच होत्या. हात उंच करून हलवत होत्या. पण जयवंतरावांकडे बघून नाही. पलीकडे, साधारण त्यांच्याच उंचीचे, तसाच करडा स्वेटर घातलेले एक गृहस्थ ट्रॉली ढकलत चालले होते. वहिनी त्यांना निरोप देत होत्या.

गृहस्थांनी आधी मागे पाहिलं, मग बाजूला पाहिलं. तेही एकटेच असावेत. थोडा वेळ ते घुटमळले. मग त्यांनी ट्रॉली सोडली आणि हात वर केला. वहिनींचा हात आणखी जोरात हलायला लागला. त्यांनी पदराने डोळे टिपले. गृहस्थ हलवतच राहिले.

जयवंतराव आपली बॅग ओढत गेले आणि त्या गृहस्थांच्या मागे, जरा बाजूला, त्यांच्या खांद्यावरून खांब दिसेल असे उभे राहिले. आणि त्यांनीही हात हलवला.