गुणाबाईंच्या दारचा दोर

मित्रांनो, मी बेळगुंदीचा एक जुना दोर आहे. भरमा नावाच्या शेतकऱ्याने मला घायपाताच्या वाखापासून वळले. पाच वर्षे मी मोट ओढली. झिजलो तसा गोठ्याच्या खुंटीवर नुसता लटकत राहिलो.

एकोणीसशे एकतीस साली गल्लीतल्या गुणाबाईंची दृष्टी गेली. त्या एकट्याच राहत. त्यांचा मुलगा मारुतीराव बेळगावात माळीकाम करी. तो म्हणाला, "आये, सोमवारी गाडी घिऊन येतो. हितं आता तुला जमायचं न्हाय."

"घरातलं समदं हाताला गावतंय," गुणाबाई म्हणाल्या. "विहिरीची वाट तेवढी अडती."

ते ऐकून शेजारच्या बाळाबाईंनी मला खुंटीवरून काढले. गुणाबाईंच्या चौकटीपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर बांधले. कठड्याच्या चार पावले अलीकडे एक मोठी गाठ मारली. ती हाताला लागली, की पाऊल जपून टाकायचे. पहिल्या दिवशी गुणाबाई गाठीपर्यंतच जाऊन परतल्या. पाचव्या दिवशी त्या भरली कळशी घेऊन घरी आल्या. मोट ओढताना मला कधी इतका अभिमान वाटला नव्हता.

सोमवारी सकाळी समोरच्या मष्णूचा बैल सुटला. घाईत मष्णूने बैल बांधायला मलाच सोडून नेले. त्याच्या गोठ्यातून मला सारे दिसत होते. गुणाबाई बाहेर आल्या, चौकट चाचपली. मग कळशी खाली ठेवून उंबऱ्यावर बसल्या.

"बाळाबाई, दोर न्हाय गं."

बाळाबाई पिठाच्या हातांनीच धावल्या. तेवढ्यात मारुतीरावाची गाडी आली.

"बघितलंस, आये? पडली असतीस."

"दोर नव्हता म्हणून पाय उचलला न्हाय. हाक मारली, बाळाबाई आली. बेळगावात तू कामावर गेलास की मी कुणाला हाक मारू?"

मष्णू मला घेऊन आला. "चुकलंच माझं, आक्का," म्हणाला. तो बांधायला वाकला, तर मारुतीरावाने मला त्याच्या हातून घेतले. स्वतः गाठ मारली आणि दोनदा ओढून पाहिली. गाडी रिकामीच परत गेली.

गुणाबाई त्या घरात आणखी तेरा वर्षे राहिल्या. स्वतःची भाकरी स्वतः थापून खात राहिल्या. आता मी बाळाबाईंच्या दाराशी आहे, कारण त्यांचे गुडघे धरले आहेत.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाला काय हवे, ते आधी त्यालाच विचारा. माझे वाख सुटू लागले आहेत. मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. मी तुटायच्या आत नवा दोर वळायला घ्या.