‘हाय का नाय’ कुणाचं?

शेलूच्या नव्या कॉलनीत पुतण्याच्या पोराची हळद होती आणि मालनबाईंनी भर हळदीत डीजेची वायर उपटली. हातातलं ताट खुर्चीवर ठेवलं, पदर खोचला, नाचणाऱ्या पोरांमधून सरळ चालत गेल्या आणि उपटली. गाणं गचकलं. पोरं वर केलेले हात तसेच धरून बघत राहिली.

“ओ आजी, सुपरहिट गाणं हाय ते!” डीजेवाला ओरडला.

“म्हाईत हाय. माजंच हाय. पर तू वाजवतोस ते माजं नाय.”

पोरं हसली. हसणारच. ‘हाय का नाय’ हे गाणं कुणाचं, यावर गेली चाळीस वर्षं इतके वाद झालेत, की त्यात साजगावच्या एका पासष्ट वर्षांच्या बाईची भर म्हणजे पोरांना करमणूकच. कॅसेटवर नाव नरेश मास्तरांचं, खोपोलीच्या बेंजोवाल्यांचं. ठाण्याकडची एक बँड पार्टी छातीठोक सांगते की चाल आमची. आणि अलीकडे एका विद्वानानं मोबाईलवर व्हिडिओ टाकला, की त्यातला तो अडखळून पुढं जाणारा ठेका अमेरिकेतल्या काळ्या वादकांच्या ‘फंक’ नावाच्या नाचगाण्यांच्या जुन्या रेकॉर्डवरून उचललाय. लोक अमेरिकेपर्यंत जाऊन आले, पण साजगावची वाट काही कुणाला सापडली नाही.

साजगावला तेव्हा बाटल्या धुण्याचा एक कारखाना होता. आता तिथं गोडाऊन आहे. बायका रोजंदारीवर. सकाळी गेटवर उभं राहायचं आणि दत्ता मुकादमानं एकेक नाव घ्यायचं. “आनंदी, हाय. साखरा, नाय.” हाय म्हणजे आज काम आहे. नाय म्हणजे भरला डबा घेऊन आल्या वाटेनं घरी. चौऱ्याऐंशी साली मालनबाईंनी हातमोजे मागितले, कारण फुटक्या काचांनी सगळ्यांची बोटं चिरलेली असायची. त्या दिवसापासून त्यांच्या नावाला नाय लागलं. सलग अकरा दिवस.

बाराव्या दिवशी दत्तानं तोंड उघडायच्या आत मालनबाईंनीच हजेरी घेतली. “साखरा हाय का नाय?” मागून तीस बायका ओरडल्या, “हाय!” “आनंदी हाय का नाय?” “हाय!” आणि मग साखरा ओरडली, “मालन हाय का नाय?” रात्रपाळी संपवून बाहेर पडलेल्या बायकांचे डबे रिकामे होते, ते बडवले की ठण्ण वाजायचे. आत जायच्या बायकांचे भरलेले, ते नुसते ढब्ब. दोनदा ठण्ण, एकदा ढब्ब, मग अर्धा श्वास थांबायचं आणि पुन्हा ठण्ण. हीच ती अमेरिका. नऊ दिवस गेटवर हे चाललं, दहाव्या दिवशी हातमोजे आले.

त्या पुढच्या जयंतीच्या मिरवणुकीत बायकांनी तीच हजेरी गायली. बेंजोवर नरेश होता. त्यानं काय वाजवलं म्हणून सांगू! बायका भान विसरून नाचल्या होत्या, मालनबाई त्याला आजही नावं ठेवत नाहीत. वर्षभरानं कॅसेट आली. गाणं तेच, ठेका तोच. पण साखराची साखर झाली होती. आनंदी ही बाई उरलीच नव्हती, नुसती खुशीत असलेली कुणी पोरगी झाली होती. आणि मालनचा झाला होता माल. ‘माल हाय का नाय?’

तेव्हा बोलल्या नाहीत का? बोलल्या की. कॅसेटच्या दुकानात जाऊन भांडल्या, दुकानदारानं हुसकून लावलं. नवरा म्हणाला, जाऊ दे गं, कारखान्यातला माल म्हणत असंल. त्यांनीही तसं मनाला समजावलं. पण पुढं रस्त्यावरची पोरं पोरींकडे बघून तोच शब्द वापरायला लागली, आणि आता तर हळदीत त्या ओळीला पोरं बोट दाखवून पोरींच्या अंगावर नाचत जातात. आपलं नाव लावून लेकीबाळींची छेड काढतात! मालनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि सांगायची सोय नाही, कारण ऐकणारा हसणार.

सून जागृती मात्र हसली नाही. कर्जतला दवाखान्यात कामाला होती ती, तिथूनच तिनं बातमी आणली. रविवारी दुपारी कर्जतच्या हॉलमध्ये नरेश मास्तरांचा सत्कार, ‘हाय का नाय’ची चाळीस वर्षं.

“आई, जायचं का?”

“जायचं का म्हंजे? त्या आनंदीला फोन लाव आदी.”

साखराबाई गेल्या वर्षी वारल्या होत्या. आनंदीबाई लेकीकडे कशेळ्याला असायच्या. त्या जीपमध्ये मागं दाटीवाटीनं बसून आल्या आणि उतरल्या उतरल्या म्हणाल्या, “मालन, त्यो आपल्याला वळखंल का गं?”

“नाय वळखलं तर वळख देऊ.”

हॉल भरला होता. नरेश मास्तर पांढऱ्या झब्ब्यात, गळ्यात हार, केस मात्र काळेभोर. माइक धरून ते रंगात आले होते. “एक पोरगी होती बघा. साखरेवानी गोड. मी म्हटलं, बाई गं, तू आनंदी हाय का नाय? ती काही बोलेना. घरी आलो, बेंजो घेतला, आणि एका बैठकीत गाणं झालं!”

टाळ्या पडल्या. मालनबाई उठल्या. आणि एकदा उभ्या राहिल्या म्हणजे राहिल्या.

“मास्तर, त्या पोरीचं नाव काय रं?”

“आजी, नाव कसं सांगू? घरची मंडळी इथंच बसलीत!” हॉल खदखदून हसला.

“मग मी सांगते. साखराबाई. बाटल्या धुवायची. मागल्या साली वारली. आन तुजी आनंदी ही बघ हितं बसलीय.”

आनंदीबाई पुढची खुर्ची धरून सावकाश उठल्या. “आनंदी हाय,” त्या म्हणाल्या. “गुडघं दुखत्यात, पर हाय.”

या वेळी कुणी हसलं नाही. मास्तरांनी ओळखलं. त्यांच्या तोंडाकडे बघणाऱ्या प्रत्येकाला कळलं की त्यांनी ओळखलंय. आयोजक चपळ माणूस, तो शाल आणि नारळ घेऊन धावत खाली आला. “आजींचाही सत्कार करू या!”

“शाली घरात पाच हायत,” मालनबाई म्हणाल्या आणि त्याला बाजूला सारून स्टेजच्या पायऱ्या चढल्या.

मास्तरांनी घसा साफ केला. “हे बघा, वाद नको. तसं गाणं पारंपरिकच आहे. यापुढं आपण ‘पारंपरिक’ असंच लिहू.” मोठं मन दाखवल्यासारखं त्यांनी हॉलकडे पाहिलं, आणि दोनचार जणांनी टाळ्याही वाजवल्या.

“पारंपरिक म्हंजे ज्याला कुणी वारस नाय ते,” मालनबाई म्हणाल्या. “आमी अजून जित्या हाव. तू आमाला आत्ताच पुरतोस काय रं?”

टाळ्या थांबल्या.

“बेंजो तुजा. लय ग्वाड वाजवलास, त्ये मी कुटंबी सांगंन. तुजं नाव लाव, पर आमच्या खाली. आन माजं एक अक्षर गिळून बसलायस चाळीस वर्सं, त्ये आदी भाईर काड. घे हजेरी.”

“मालनताई, आत्ता नको...”

“घे.”

मास्तरांनी आयोजकाकडे पाहिलं. आयोजक हातातल्या नारळाकडे बघत होता. शेवटी मास्तरांनी माइक तोंडाजवळ नेला. आवाज अजून चांगला होता त्यांचा.

“साखरा हाय का नाय?”

“हाय!” आनंदीबाई आणि मालनबाई एकदम म्हणाल्या. गेटवर एखादी आजारी असली तरी तिच्या नावाला बाकीच्या अशाच ओ द्यायच्या.

“आनंदी हाय का नाय?”

“हाय!” आनंदीबाईंच्या मागं जागृती ओरडली, आणि तिच्याबरोबर आणखी दहावीस बायका.

“माल...” मास्तरांचं तोंड सवयीनं तिथंच मिटलं.

मालनबाई त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून.

“पुडं.”

“...न,” मास्तर म्हणाले.

“अख्खं म्हण.”

“मालन हाय का नाय?”

“हाय,” मालनबाई म्हणाल्या. माइक त्यांच्या हातात नव्हता, तरी ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.