माईकची पिन

जोतीराम सांगलीहून परतला तो रिकाम्या हातानं. विजयमालानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"गावली का?"

"कुठली गावतीय. समदे रेडिओवाले टेपची पिन दावत्यात. ती जाड, भोकात जात न्हाई. एकजण म्हनला, इमानाची पिन सांगलीत मागतोस, उद्या आगगाडीचं इंजान मागशील."

उसावर औषध फवारणारं विमान कराडजवळच्या धावपट्टीवर अडकून पडलं होतं. वैमानिकाचा माईक मुका झालेला. तुटलेली वायर जोडायला जोतीराम मेकॅनिकनं पिन उतरवून पिशवीत ठेवली, पिशवी घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर पिन नाही. उद्या कंपनीचा साहेब येणार. पिन नसली तर नोकरी जाणार.

पिन होती त्यांच्या तान्ह्या लालाच्या करदोट्याला, चिंधीत गुंडाळलेली.

विमान घरावरून घरघरत धावपट्टीवर उतरलं त्या दिवसापासून लाला दचकून रडायचा, अंगावर प्यायचा नाही. सासू बनुबाई म्हणाल्या, "भ्यालंय त्ये. ज्याला भ्यालं त्याचाच तुकडा कमरंला बांध." पिशवीत वायर नसलेली पितळी पिन दिसली. विजयमालाला वाटलं, मोडकीच आहे. बांधली, आणि त्याच संध्याकाळी लाला पोटभर प्याला. पिनेचा शोध सुरू झाल्यावर तिला कळलं, पण सोडवायला हात धजेना. पुन्हा प्यायचा थांबला तर?

"धुळानंच घेतली," जोतीराम म्हणाला. "पिशवी धावपट्टीच्या त्या राखणदारापाशीच ठिवली हुती. सकाळीच हाकललाय त्येला."



"आवं, धुळानं न्हाई घेतली."

तिनं लालाला मांडीवर घेतलं. गाठ सुटेना, दातानं तोडली. जोतीरामनं पिन हातात घेतली, फिरवून बघितली.

"मला एका शबदानं तरी सांगायचंस."

तिनं रिकामी चिंधी कनवटीला खोचली.

"म्या त्येला चारचौघांत चोर म्हनलो, विजे. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"तुमी पिन जोडा. मी जाते."

लालाला कडेवर घेऊन ती निघाली. धुळाची खोपटी धावपट्टीच्या कडेला. आत त्याची बायको हरणाबाई गाठोडं बांधत होती, परत माणदेशाकडं निघायचं म्हणून. लालाला बघून तिनं पदराला हात पुसले.

"ये रं माझ्या राजा," म्हणत तिनं त्याला उचलून घेतलं. "बसा की वैनी."

विजयमालाची कड रिकामी झाली. ती बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "पिन मीच घेतली हुती."