रेषेवरचा नमस्कार

वीस वर्षं मी बाळकुमच्या मैदानावर मुलींना हँडबॉल शिकवतोय आणि माझा एक नियम कडक आहे. रेषा ओलांडण्याआधी वाकायचं, उजवा हात जमिनीला लावायचा, मग कपाळाला. विसरली की पाच फेऱ्या. पोरींच्या आया मला खडूस म्हणतात आणि मला त्याचा अभिमान होता.

दिपिका माझी सगळ्यात गुणी पोर. कोळीवाड्यातली, आई चंद्रभागा बाजारात मासळी विकते. आशियातल्या एका मोठ्या स्पर्धेसाठी भारताचा महिला संघ निवडायचा होता. शिबिरात बावीस जणी, घ्यायच्या सोळा. शेवटचा चाचणी सामना खोपटजवळच्या एका हॉलमध्ये ठेवलेला. दिपिका याआधी दोनदा शिबिरातून हात हलवत परत आली होती. या वेळी नाव नाही आलं तर खेळ सोडून मिळेल ती नोकरी धरायची, असं तिने घरी कबूल केलं होतं.

चंद्रभागा आणि मी वर गॅलरीत बसलो. पहिल्या अर्ध्या तासात दिपिकाच्या हातून तीन चेंडू निसटले. एक तर समोर फक्त गोलकीपर असताना. माझं डोकं फिरलं. मोठ्या ठिकाणी गेल्या की आपल्या पोरी कच खातात, असं मी तिच्या आईलाच सुनावलं. ती बाई चिडली नाही. पोर सारखी सारखी पाया का पडतेय, एवढंच तिने विचारलं.

तेव्हा मी नीट बघितलं. बाळकुमला आमच्याकडे जेमतेम आठ मुली असतात, त्यामुळे एकदा आत गेलेली पोर सामना संपेपर्यंत बाहेर येत नाही. नमस्कार एकदाच. इथे दिपिकाला फक्त चढाईला आत पाठवत होते, बचावाला दुसरी. दर दोन मिनिटांनी आत-बाहेर, आणि दर वेळी रेषेवर नमस्कार. बाकावर बसल्या-बसल्या ती बोटांना चिकट ग्लू लावायची, चेंडू हाताला धरून राहावा म्हणून. आम्ही असलं काही कधी वापरलेलं नाही. आणि मग तोच हात जमिनीला टेकवून सगळी धूळ उचलायची. चेंडू निसटेल नाहीतर काय होईल?

मध्यंतरात मी कठड्याशी गेलो. डाव्या हाताने कर म्हणावं, तर डाव्या हाताने नमस्कार कोण करतं? माझाच नियम मोड असं चारचौघांत सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी कसंबसं काहीतरी पुटपुटलो.

"सर, बाजारात असं हळू बोललं तर मासळीची पाटी तशीच घरी न्यावी लागंल," चंद्रभागा मागून म्हणाली.

मग मी ओरडलो. "दिपिका, आता पाया पडायचं नाही. सरळ आत जायचं."

अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. शिबिराच्या प्रशिक्षकांनी डोळे वटारले. दिपिकाने वर बघितलं आणि मान हलवली.

दुसऱ्या अर्ध्या तासात ती रेषेवर थांबली नाही. डाव्या कोपऱ्यातून उडी मारून तिने पाच गोल केले. चेंडू एकदाही सुटला नाही.

तासाभराने यादी वाचली. चौदावं नाव दिपिकाचं. चंद्रभागा पदर तोंडाला लावून रडली आणि मीही रडलो, लपवू कशाला. दिपिका जिना चढून वर आली तेव्हा मी तिला म्हणालो, ते ग्लूचं आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"मला कळलेलं, सर. पहिल्या शिबिरातच."

"मग पाया पडणं सोडलं का नाहीस?"

"नियम तुमचा ना. तुम्ही सांगितल्याशिवाय कशी मोडणार?"

पहिल्या शिबिरात. म्हणजे दोनदा ती परत आली ती माझ्यामुळे, आणि दोन्ही वेळा मी तिला मन लावून खेळत नाहीस म्हणून झापलं होतं.

"माझं चुकलं, पोरी," मी म्हणालो. हे वाक्य मी आजवर कुठल्याच मैदानावर बोललो नव्हतो. "जायच्या आधी एकदा बाळकुमला ये. लहान पोरींशी बोल."

"काय सांगू त्यांना?"

"सांग, सर चुकत असले की सरांना अडवायचं."