हा कुणाचा?

मला राग आला की ते मला फार उशिरा कळतं. आधी वाटतं भूक लागली असेल, किंवा थंडी वाजत असेल. नॉर्वेच्या डोंगरात वाढलेल्या माणसाला थंडीचं निमित्त कधीही मिळतं. त्या आठवड्यात शिकारघरात मला सारखी भूक लागत होती, आणि कितीही ट्राउट मासे तळून खाल्ले तरी ती जात नव्हती.

शिकारघर वर तळ्याकाठी आहे. दर शरदात आम्ही पाच जण एल्कच्या, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाच्या, शिकारीसाठी तिथं जाऊन राहतो. शिकारी म्हणून माझा उपयोग जवळजवळ नाही. माझं आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात गेलं. बंदूक मी नेतो आणि बहुतेक वेळा तशीच परत आणतो. मी तळ्यात जाळी टाकतो, मासे साफ करतो, स्टोव्हजवळ वाचत बसतो. तरी मांसाचा एक वाटा माझा असतो, कारण वडिलांचं नाव शिकारीच्या टोळीत होतं आणि त्यांच्यानंतर माझं लागलं. आमच्याकडे टोळीत असणं म्हणजे वाट्यात असणं. ज्याला वाटा नाही तो पाहुणा, मग त्यानं कितीही चिखल तुडवलेला असो.

आमच्यातला तोरलाइव वसंतात वारला. त्याची जागा त्याची बायको योरून घेणार असं मी धरून चाललो होतो. तिचा नेम चांगला आहे. शिवाय तुवा ही कुत्री तिचीच. साऱ्या दरीत एल्कचा माग काढणारी धड कुत्री तेवढी एकच. पण चढ चढताना आमचा म्होरक्या हाल्वर माझ्या बाजूनं चालू लागला. त्याचा थोरला मुलगा टोळीत होताच, या वेळी धाकटाही बरोबर होता.

"तोरलाइवची जागा आता याला," हाल्वर म्हणाला.

"आणि योरून?"

"येतेय की मागून. काय करणार, कुत्री दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही."

मी "बरं" म्हणालो. तेव्हापासून भूक लागायला लागली.

घरात शिरल्या शिरल्या हाल्वरनं मोजे वाळत घातले आणि बाकावर पाय पसरले. "योरून, कॉफी ठेवतेस का? बाईमाणसाच्या हातची कॉफी या घरानं कधी प्यायली नाही."

"माझ्या हातात कुत्रीचा पट्टा आहे," योरून म्हणाली. "तुझे दोन्ही हात मोकळे दिसतायत."

अस्लाक हसला. तो आमच्यात सगळ्यांत म्हातारा, माझ्याहूनही. "अरे, त्याचे हात शोभेचे आहेत," तो म्हणाला आणि स्वतःच किटली घेऊन उठला.

दुसऱ्या दिवशी हाल्वरनं एका मोठ्या नर एल्कवर गोळी झाडली. गोळी पोटात खाली लागली आणि जनावर दलदलीकडे पळालं. जखमी जनावर तसं सोडायचं नसतं, एवढं मलाही कळतं. "पडेल तिकडेच कुठंतरी," असं म्हणत हाल्वर बुंध्यावर बसला आणि त्यानं डबा उघडला. योरून तुवाला घेऊन निघाली. मी जवळ होतो म्हणून मागोमाग गेलो.

दुपारभर आम्ही त्या दलदलीत होतो. कधी गवताच्या पात्यावर रक्ताचा थेंब, कधी तोही नाही. कुत्री नाक खाली घालून ओढत होती आणि योरून मांडीपर्यंत पाण्यात तिच्यामागे. मला धाप लागली की ती थांबायची. शेवटी खुरट्या भूर्जवृक्षांच्या पलीकडे एल्क उभा दिसला. घोड्याहून उंच जनावर, पण मान खाली गेलेली. योरूननं एकच गोळी घातली. मग टोपी काढून ती त्याच्या डोक्याजवळ ओल्या शेवाळावर बसून राहिली.

बाकीचे आले तेव्हा हाल्वरनं तुवाची पाठ थोपटली. "शाबास गं पोरी!" मग शिंगांवरून हात फिरवत मुलांना म्हणाला, "बघितलंत? माझी पहिलीच गोळी कामाची होती. हिनं फक्त त्याला झोपवलं."

योरूननं बंदुकीतलं काडतूस काढलं आणि पट्टा मनगटाला गुंडाळला. माझे दात वाजत होते. थंडीनं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मांस मुरायला छपरीत टांगलं होतं, त्या दिवसांत योरून माझ्याबरोबर जाळी काढायला होडीत यायची. वल्ही तीच मारायची. एकदा मी धीर करून म्हणालो, "हाल्वरशी बोलून बघ ना. वाटा मागून तरी बघ."

"मागितला तर त्यानं दिला असं होईल," ती म्हणाली. "माझा आहे तो. पंचवीस वर्षं तोरलाइव टोळीत होता, दोन कुत्री मी वाढवली, त्यांच्या जिवावर हे सगळे शिकारी झाले. मी मागणार नाही. वाटपाच्या वेळी उभी राहीन आणि माझं नाव येतं का बघेन."

वाटपाच्या वेळी नावं मीच घेतो. ते तिला माहीत होतं, पण माझ्याकडे न बघता ती जाळ्यातून मासा सोडवत राहिली.

वाटपाच्या सकाळी हाल्वर नाश्त्याला म्हणाला, "एयविन, नावं पाच आहेत हं. मी, माझी दोन पोरं, अस्लाक आणि तू. तुला पुस्तकं ओळीनं लावायची सवय आहे, चुकायचा नाहीस."

"आणि कुत्रीला?" अस्लाकनं विचारलं.

"कुत्रीला हाडं देऊ. फुप्फुसंपण घेऊन जा म्हणावं, आपण काही कंजूष नाही."

योरून तिथंच होती. तिनं भाकरीवर आंबट साय लावली, घडी घातली आणि शांतपणे खाल्ली.

बाहेर फळ्यांवर पाईनच्या फांद्या टाकून मांसाचे पाच ढीग लावले होते. एखाद्यात मांडीचं मांस जास्त, एखाद्यात बरगड्या. मी ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. हाल्वर सुरीनं एकेक ढीग दाखवून विचारणार, "हा कुणाचा?" आणि मी न बघता नाव घेणार. खांदा कुठला नि मांडी कुठली हे ज्याला कळत नाही तो लबाडी काय करणार, असं म्हणून हे काम फार पूर्वी त्यानंच मला दिलं होतं. पाठमोऱ्या माणसानं घेतलेलं नाव कुणी बदलत नाही. एकमेकांशी बोलणं टाकलेले भाऊसुद्धा तेवढं पाळतात.

मी लाकडांच्या थप्पीकडे तोंड करून उभा राहिलो.

"हा कुणाचा?"

"योरूनचा."

मागे कुणीतरी खोकलं.

"एयविन," हाल्वर म्हणाला, "डुलकी लागली का? पुन्हा विचारतो. हा कुणाचा?"

"योरूनचा."

"बरं. म्हणजे तू तुझा तिला दिलास. तुझी मर्जी, उपाशी राहा. पुढचा. हा कुणाचा?"

खरं तर मी तेच ठरवलं होतं, माझा वाटा तिला द्यायचा. नाश्त्यापासून मनात तेच घोकत होतो. पण ते त्याच्या तोंडून ऐकलं, इतकं सोयीचं, आणि आठवडाभर लागत होती ती भूक नव्हती हे मला एकदम कळलं.

"योरूनचा," मी म्हणालो.

"हा?"

"योरूनचा."

"अरे ए पुस्तकातल्या किड्या! वळ इकडे!"

"वळायचं नसतं," मी लाकडांना सांगितलं. माझा आवाज चिरकला, पण बाहेर आला. "तूच शिकवलंयस. विचार पुढचा."

"अस्लाक, तू ये. तू पाठ कर."

अस्लाकची काठी खडीवर टेकत टेकत आली. तो माझ्याशेजारी थप्पीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या अंगाला धुराचा आणि मासळीचा वास येत होता.

"घ्या, आलो," तो म्हणाला. "विचार."

"हा कुणाचा?"

अस्लाकनं काठी थप्पीला टेकवली. "मला वाटतं, योरूनचा. पण माझी नजर अधू आहे."

"तुझी नजर तिकडे आहे, गाढवा!"

"म्हणून तर."

थोरला मुलगा फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. हाल्वरनं सुरी फळीत खुपसल्याचा आवाज आला. "पुढच्या वर्षी तुम्ही दोघंही घरी बसा. म्हातारे झालात. टोळी मी चालवतो!"

"चालव की," मी म्हणालो. मला थांबता येत नव्हतं. "दलदलीत कोण चाललं ते मी बघितलंय. तू डबा खात होतास. पोटात गोळी घालून डबा खात होतास, हाल्वर!"

मग चिखलात बुटांचा आवाज आला, ठाम. तो हाल्वरचा नव्हता. फळीतून सुरी उपटल्याचं ऐकू आलं.

"एयविन, पुरे," योरून म्हणाली. "मला सगळं नकोय. तू माझं हसं करतोयस."

मागे मांस कापलं जात होतं, एकदा, मग पुढे सरकून पुन्हा. ती प्रत्येक ढिगातून थोडं काढत होती. हाल्वर "हे काय चाललंय" असं काहीतरी पुटपुटला, पण सुरी तिच्या हातात होती आणि त्याचा धाकटा मुलगाच तिला फांद्या आणून देत होता.

"आता सहा आहेत," ती म्हणाली. "नीट घे नावं. हा कुणाचा?"

"अस्लाकचा."

"हा?"

"योरूनचा."

हाल्वरच्या पोरांची नावं घेतली, त्याचं घेतलं, शेवटी माझं घेतलं आणि वळलो. हाल्वर हाताची घडी घालून उभा होता, लालबुंद. त्याच्या वाट्याला बरगड्याच जास्त आल्या होत्या. ते मुद्दाम नव्हतं, मी शपथेवर सांगतो.

"इतकं मनात होतं तर आधी बोलायचं होतंस," तो मला म्हणाला.

"आधी विचारलं नव्हतंस."

त्यानं ढिगाकडे बघितलं. मग मुलाला खूण करून पोतं मागवलं आणि मांस भरायला लागला. आम्हीही आपापलं भरलं.

उतरताना मांसाची पोती लादलेल्या घोड्याचा लगाम धरून योरून तळ्याच्या टोकापर्यंत चालली. घोडा पुढे, तुवा मध्ये, मी मागे. वाट अरुंद होते तिथं ती थांबली.

"मी एका ढिगाचं म्हणाले होते," ती म्हणाली. "सगळ्यांचं नाही. तुला काय वाटलं, मला चेष्टा हवी होती?"

"चेष्टा नव्हती ती."

"मग काय होतं?"

आता मला तिचाही राग आला. एवढं करून हे ऐकायचं! पण या वेळी तो भुकेसारखा वाटला नाही, लगेच ओळखता आला.

"राग होता," मी म्हणालो.

"माझा राग मला पुरतो," योरून म्हणाली, आणि घोड्याचा लगाम माझ्या हातात देऊन कुत्रीच्या पायात अडकलेला काटा काढायला वाकली.