आखाड्यातला चष्मा

कोल्हारच्या गहिनीनाथाला पाच हातांवरचं माणूस दिसायचं, पण कोण आहे ते कळायचं नाही. अंगानं मात्र असा दणकट, की चिखलात रुतलेली बैलगाडी एकट्यानं काढायचा. पैलवानच होता हो! आणि पैलवानानं चष्मा लावून हगाम्यात, म्हणजे जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात उतरायचं? छे, छे! हे त्याचं स्वतःचंच मत. म्हणून सत्तर सालच्या जत्रेत त्यानं चष्मा सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि लंगोट लावून तो आखाड्यात उतरला.

आपल्याकडं जोड आधी ठरलेली नसते. गडी कडेनं फिरतो, तोलामोलाचा दिसला की हात पुढं करतो, हातात हात आला की कुस्ती लागली. गहिनीला कडेला एक उघडाबंब, भरल्या अंगाचा गडी दिसला. ह्यानं हात पुढं केला. तो निघाला जिलबीवाला! उकडतंय म्हणून बिचारा सदरा काढून कुस्त्या बघत बसलेला. "आवं पैलवान, मी न्हाई! माझी कढई तापलीया!" तो ओरडला आणि सगळं मैदान हसून लोळलं. पुढं वर्षभर गहिनी दिसला की कुणीतरी "जिलबी गरमागरम" म्हणायचंच. त्याच्या जिवाला लई लागलं. पुढच्या जत्रेत त्याच मातीत, त्याच लोकांपुढं कुस्ती मारायची, नाहीतर लंगोट कायमचा खुंटीला, असं त्यानं आईपुढं बोलून टाकलं.

त्याचे वस्ताद आसाराम. त्यांच्या कानावर आलं, की पुण्यात एक डॉक्टर थेट बुबुळावर बसणारी काच देतो, कॉन्टॅक्ट लेन्स म्हणतात तिला. दोघं यष्टीनं पुण्याला गेले. "काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं. "शेती," गहिनी म्हणाला. कुस्तीचं नावच काढलं नाही पठ्ठ्यानं, न जाणो डॉक्टर नको म्हणाले तर? डॉक्टरांनी धुळीपासून जपायला बजावलं आणि लेन्स बसवल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पण मान वर केली आणि गहिनी लहान पोरासारखा ओरडला, "वस्ताद, तुमच्या मिशीत पांढरा केस हाय!"

गावी आला तो हवेतच. चष्मा गेला, लाज गेली! तालमीत शड्डू ठोकला. आता घामानं हात निसटू नये म्हणून कुस्तीत एकमेकांच्या अंगावर माती टाकायचीच असते, ते का कुणाला सांगावं लागतं? पहिलीच ओंजळ पडली आणि डोळ्यांत विस्तव पेटला. गहिनी कळवळून खाली बसला, एक लेन्स मातीत गेली. सारी तालीम गुडघ्यांवर बसून माती चिवडतेय, आणि वस्ताद वैतागून म्हणतायत, "पैलवान घडवायला बसलो हुतो, आन् आता खडं येचतोय!" लेन्स काही सापडली नाही.

लाल डोळा घेऊन तो घरी आला. "संपलं समदं," म्हणाला. आई, रंगुबाई, भाकरी थापत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "चष्मा लावून उसाला पानी देतोस, सायकल हानतोस, पोरगी बघाया जातोस. मंग आखाड्यातच कसली रं लाज? बघायचं काम चष्म्याचं, लढायचं काम तुजं!"

गहिनी उठला आणि त्यानं फळीवरचा चष्मा पुसला.

एकाहत्तरची जत्रा. लाल लंगोट, अंगाला माती आणि नाकावर काळ्या काड्यांचा चष्मा! "मास्तर आले, मास्तर!" लोक खिदळले. त्याचे कान तापले, पण चष्म्याला हात लावला नाही. सगळ्यांची तोंडं बघत तो फिरला. जिलबीवाला दिसला तसा थांबला आणि वाकून म्हणाला, "आवंदा तुमाला सुट्टी!" लोक हसले, पण ह्या हसण्यात खोट नव्हती. मग त्याला बेलापूरचा रंगनाथ दिसला. तीन जत्रांत त्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. गहिनीनं त्याच्यापुढं हात केला.

हातात हात आला. मग गहिनीनं चष्मा काढून वस्तादांकडं दिला. आता कशाला हवेत डोळे? रंगनाथ मनगटातून, खांद्यातून कळत होता. त्यानं माती टाकली, गहिनीनं ती डोळे मिटूनच अंगावर घेतली. रंगनाथानं दोनदा त्याला खाली दाबला, दोनदा तो सुटला. तिसऱ्यांदा रंगनाथाचं वजन पुढं आलेलं गहिनीच्या अंगाला कळलं. त्यानं कंबर खाली घातली आणि ढाकेच्या डावावर उचलून त्याला पालथा नाही, उताणा पाडला. चितपट!

काय तो गलका! हलगी तडतडली, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. "आधी माजा चष्मा द्या!" तो वरून ओरडला. चष्मा लावला आणि त्याला सगळं दिसलं: टाळ्या पिटणारे हात, जिलबीवाल्याचं उघडं पोट, आणि लांब शाळेच्या ओट्यावर बायकांच्या घोळक्यात पदरानं डोळे पुसणारी आई.

मानाचा फेटा घेऊन पंच पुढं आले. "पैलवान, जरा चष्मा काढा, फेटा नीट बसंल."

"न्हाई काढायचा," गहिनी म्हणाला. "बांधा फेटा चष्म्याच्या काड्यांवरनं!"