दुसऱ्या होडीचं माप

"माझा श्वास चुकला नव्हता, बाबा. तक्ता चुकला होता!" वडिलांच्या पाठीला पावडर लावता लावता प्रितेशने जाहीर केलं.

केसरीनाथ भिंतीकडे तोंड करून पडले होते. अर्धांगाने उजवी बाजू गेली होती; जीभ जड झाली, तरी शाबूत होती.

"कंचा तक्ता?"

सैन्यात असताना एका स्पर्धेत हजार मीटरवर प्रितेशच्या गोळ्या निशाणाच्या वरून गेल्या होत्या. सगळ्यांनी त्याच्या श्वासाला बोल लावला आणि या पठ्ठ्याने तो निवृत्तीनंतरही जपून ठेवला. आता त्याच्या जुन्या उस्तादांनी मध्य प्रदेशात नेमबाजीचं केंद्र काढलं होतं आणि शिकवायला त्याला बोलावलं होतं. आज होय की नाही ते सांगायचं होतं. बोलावणं आल्यापासून तो त्या जुन्या गोळ्यांचाच विचार करत होता.

"हवा गोळीला मागं खेचते. किती खेचते, त्याचा तक्ता असतो. आमचा तक्ता जुन्या, बुडाशी चपट्या गोळीवरून केलेला. माझी गोळी मागं निमुळती. तीनशे मीटरपर्यंत फरक कळतच नाय. लांब गेलं की हिशेब सुटतो."

केसरीनाथांनी डावा तळहात चादरीवर होडीसारखा उभा धरला.

"म्हंजे होडीचं हाय. मागनं कापलेली होडी पानी ओढत नेते. निमुळतीच्या मागं पानी गपचूप मिटतं. काठाकाठानं दोनी सारख्याच. खाडी रुंद झाली का कळतं. तुमी एका होडीचं माप दुसरीला लावलं."

प्रितेश हसतच सुटला. इतकं सोपं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

"मंग जा ना. शिकव पोरांना."

"आनि तुला कोन बघंल?"

"बाई ठेव."

ठेवलेल्या दोन्ही बाया टिकल्या नव्हत्या. पडून पडून बाबांच्या पाठीला झालेली जखम तेव्हाचीच होती. आई असती तर गोष्ट वेगळी.

खिडकीत गोदामाची भिंत होती. जमीन घरचीच, ती भाड्याने दिली तेव्हा केसरीनाथांनी गावभर पेढे वाटले होते. त्याआधी या खिडकीतून खाडीचा पलीकडचा काठ दिसायचा. लांबचं बघायला प्रितेश इथेच शिकला होता, आणि आता हात लांबवला तर बोटं भिंतीला लागत. कधीकधी त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटे. भिंतीवर. खरं सांगायचं तर बाबांवरही.

तो ओट्यावर जाऊन फोनवर बोलला.

"उस्ताद, मैं नहीं आ पाऊँगा।"

मग प्रितेशने चपटी गोळी, निमुळती गोळी, दोन होड्या, सगळं समजावून सांगितलं. "बच्चों को नाव वाली बात ज़रूर बताना। मेरे बाबा की है।"

"तू ख़ुद आके बता ना।"

"नहीं होगा, उस्ताद।"

आत आला तेव्हा केसरीनाथांनी डोळे मिटले होते. पण ओट्यावरचं बोलणं आत स्वच्छ ऐकू येतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बाबा, कूस बदलू?"

"ऱ्हाऊ दे. मना जरा भिंतीकडंच ऱ्हाऊ दे."

प्रितेश पायथ्याशी बसला. बाबांचा डावा तळहात चादरीवर पुन्हा उभा राहिला होता. तो हळूहळू पुढे सरकत गेला, आणि बोटं भिंतीला टेकली तेव्हा थांबला.